निर्व्यसनीपणाचा अभिमान

मनुष्याला त्याच्या दुर्गुणांपेक्षां सद्गुणांनींच अधिक वेळां फसविलें असावें, अशी आमची अलीकडे समजूत होत चालली आहे. आम्हीं मद्याच्या थेंबाला जन्मांत स्पर्श केला नाहीं, तपकीर ओढली नाहीं, विडी पेटविली नाहीं. आणि ही गोष्ट, कोणीं विचारलें नसतांहि, चार लोकांत सांगण्याची संधि क्वचितच दवडली. वर्गांत एखाद्या इंग्रज कवीच्या पेल्याचा उल्लेख आला म्हणजे आमचा आवाज किंचित् चढत असे, हें आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे.

अशा आम्हांस चार वर्षांपूर्वीं मुतखड्याच्या संशयावरून सोनोग्राफी करावी लागली. खडा निघाला नाहीं. परंतु कागदावर खालीं एक ओळ निघाली, कीं यकृतांत चरबी सांचली आहे. यकृताचा विकार म्हणजे मद्यप्यांचा विकार, हें समीकरण आमच्या डोक्यांत इतकें पक्कें होतें, कीं भीति वाटण्यापूर्वीं आम्हांस लाज वाटली. शेजारीपाजारी काय म्हणतील! प्रोफेसर दार लावून घरांत काय करितात, अशी कुजबूज व्हावयाची. आम्हीं तो कागद घडी करून एका जाड शब्दकोशांत ठेविला आणि घरांत 'विशेष कांहीं नाहीं' असें सांगितलें. कागद तेथें तीन वर्षें राहिला.

वास्तविक वैद्यकशास्त्रानें आमची अब्रू केव्हांच वांचविली होती. मद्य न पिणाऱ्यांच्या यकृतांतहि मद्यप्यासारखाच बिघाड होतो, हें १९८० सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमधील लुडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून त्याला नांव दिलें. आणि २०२३ सालीं त्या नांवांतून मद्याचा उल्लेखहि गळून चयापचयाशीं निगडित असें नवें नांव आलें. वाढलेलें पोट, मधुमेह आणि बैठें काम हे त्याचे खरे सोबती. यांपैकीं निदान दोन आमच्या घरचेच होते.

गेल्या वर्षीं एका शब्दाचा अर्थ पाहण्यासाठीं आमच्या सौभाग्यवतींनीं तोच कोश उघडला. कागद वाचून त्या थोडा वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "मला सांगितलं असतंत, तर मी काय तुम्हांला पिणारे समजलें असतें?" यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

बारावीला आमच्याकडे इंग्रजी शिकलेला एक विद्यार्थी आतां डॉक्टर आहे. त्याच्याकडे आमची रवानगी झाली. तो म्हणाला, "सर, हा विकार यकृताचा खरा, पण अशा रोग्यांचं मरण यकृतापेक्षां हृदयाच्या वाटेनं अधिक येतं." त्यानें हृदयाचा सीटी स्कॅन काढविला. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या भिंतींत चुना बसतो, तो चित्रांत पांढऱ्या ठिपक्यांनीं दिसतो, आणि त्याचे गुण मोजण्याची रीत १९९० सालीं अ‍ॅगॅट्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बसविली. येथें शून्य मिळविणारा पहिला. शंभराच्या पुढें काळजी, आणि चारशेंच्या पुढें भारी काळजी. आयुष्यभर मुलांना गुण देणाऱ्या आम्हांस विद्यार्थ्यानें २१२ गुण दिले.

यकृतांतील चरबीनेंच हा चुना बसविला असें छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं. मधुमेह व रक्तदाब हे दोहोंनाहि पोसतात. परंतु हीं दोन दुखणीं पुष्कळदां एकत्र नांदतात, हें खरें. शिवाय यकृत फेट्युइन नांवाचें एक प्रथिन तयार करितें. रक्तांतील चुना भलत्या जागीं बसूं न देणें हें त्याचें काम. सिऱ्होसिस होऊन यकृत निबर झालें, म्हणजे हें प्रथिन कमी पडूं लागतें. ज्यांना दुसऱ्याचें यकृत बसवावयाचें, त्यांच्याहि रोहिण्या आधीं तपासतात; नवें यकृत मिळावें आणि हृदयानें साथ सोडावी, असें होऊं नये म्हणून.

आमच्या मनाला लागलें तें निराळेंच. वजन उतरविलें तर यकृतांतील चरबी बरीच ओसरते. रोहिणींत एकदां बसलेला चुना विरघळविणारें औषध मात्र अद्याप नाहीं. औषधांनीं झटक्याचा धोका कमी होतो, ठिपके राहतात. त्या ठिपक्यांपैकीं किती आमच्या त्या तीन वर्षांतले, हें कोणताहि स्कॅन सांगणार नाहीं. परंतु त्या तीन वर्षांत आम्ही रोज सायंकाळीं चाललों असतों, साखर सोडली असती, औषध घेतलें असतें. आम्हीं यांपैकीं कांहींच केलें नाहीं. केवळ निर्व्यसनीपणाचा दाखला सांभाळला.

आतां आम्ही दोघें रोज सायंकाळीं चालावयास जातों. परवां वाटेंत एका स्नेह्यांनीं सहज विचारलें, "काय प्रोफेसर, प्रकृति कशी?" आम्हीं रस्त्यांत उभे राहून यकृत, रोहिण्या आणि २१२ हा आंकडा, सर्व सांगितलें. ते किंचित् घुटमळले आणि हळू आवाजांत म्हणाले, "आमच्याहि कागदावर तसंच कांहीं लिहिलं आहे. घरांत अजून बोललों नाहीं."

आम्हीं त्यांना त्याच रात्रीं बोलावयास सांगितलें.