कार्बोरेटर सगळ्यात शेवटी

जुनी जीप धक्के देऊ लागली की मालकाचा पहिला हात कार्बोरेटरवर पडतो. टाकीला, पाइपला, पंपाला फिरवण्यासारखं काही नसतं. कार्बोरेटरला स्क्रू असतात. पाव आटा इकडे, अर्धा तिकडे केला की इंजिनाचा आवाज बदलतो, आणि आवाज बदलला म्हणजे दुरुस्ती झाली असं वाटतं. माझ्याकडे तर काही जण गाडी घरी ठेवून नुसता कार्बोरेटर पिशवीत घालून आणतात. "उस्ताद, एवढा फुंकून द्या." मी म्हणतो, आधी गाडी आणा.

संभाजीनगरात छावणी आहे, तिकडे अहिल्यानगरला रणगाड्यांचं अख्खं संग्रहालय आहे. लष्करी गाड्यांचा नाद असलेली माणसं या भागात सापडतात. त्यांतल्या निम्म्यांची जीप सप्टेंबर 1948च्या पोलीस अ‍ॅक्शनला निजामाच्या राज्यात शिरलेली असते. मी मान डोलावतो. चासी नंबर पाहिला तर गाडी बऱ्याच वर्षांनंतरची, महिंद्राची निघते. महायुद्धात विलिज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या, पण त्यांतली खरीखुरी एखादी दारात उभी राहण्याचा योग क्वचितच. असो. त्या मूळ जीपचं इंजिन 2.2 लिटरचं, 60 हॉर्सपॉवरचं आणि पेट्रोलची वाट अगदी सरळ: ड्रायव्हरच्या सीटखाली टाकी, तिथून पाइप, फिल्टर, कॅमशाफ्टच्या ठोक्यावर चालणारा एसी पंप, आणि मग कार्टरचा कार्बोरेटर. पेट्रोल ज्या वाटेनं येतं त्याच वाटेनं मेकॅनिकनंही चालत यावं, एवढंच माझं म्हणणं. कार्बोरेटर त्या वाटेवरचं शेवटचं घर आहे.

अर्थात दोष पेट्रोलचाच आहे का, हे आधी ठरवायचं. गरम झाल्यावर दगा देणारा कंडेन्सर पेट्रोलच्या नावावर बिलं फाडतो. चालत्या गाडीत चोक थोडा ओढून पाहावा. गाडीनं जोर धरला तर पेट्रोल कमी पडतंय. काहीच फरक नाही आणि इंजिन बटण दाबल्यासारखं एकदम बंद होतंय, तर प्लग, पॉइंट, कंडेन्सरकडे वळा.

पैठणकडच्या एका गृहस्थांची जीप दौलताबादहून खुलताबादला चढताना घाटात मरायची. आधीच्या गॅरेजांमध्ये कार्बोरेटरची किट बदलून झाली, पंप बदलून झाला. मी पंपाची काचेची वाटी काढून पाहिली. तळाशी गंजाचे दोन-चार पापुद्रे होते, पाण्याचा थेंब नव्हता. टाकीचं झाकण उघडलं तर सुस्कारा आला नाही, म्हणजे झाकणाचं हवेचं भोक मोकळं होतं. ते बुजलं असतं तर टाकीत पोकळी होऊन पेट्रोल यायचं थांबलं असतं. मग बाहेरच्या डब्यातून रबरी नळीनं थेट पंपाला पेट्रोल दिलं. जीप भर दुपारी घाट चढून गेली. दोष पंपाच्या अलीकडे होता एवढं पक्कं झालं, पण पाइप कुठे ओला नव्हता. इथेच लोक फसतात. टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप ओढीवर असतो. त्याला चीर गेली तर पेट्रोल बाहेर येईलच असं नाही, हवा मात्र आत जाते.

उत्तर मालकांनीच दिलं, चहा पिता पिता. "टाकी फुल्ल असली ना, की काही त्रास नाही बघा." टाकीतली उचलनळी बाहेर काढली. मधोमध, गंजाच्या पट्ट्याखाली, नखाला जाणवेल इतकी बारीक चीर होती. पेट्रोल चिरेच्या वर असेतो सगळं ठीक. टाकी निम्मी झाली, त्यात गाडी चढाला लागली, की चीर उघडी पडायची आणि पंप पेट्रोलऐवजी हवा ओढायचा. नवी नळी बसवली. मालकांना तेवढ्यानं समाधान होईना. कार्बोरेटरही एकदा बघाच म्हणाले.

मे महिन्यातला घाट मात्र स्वतःचाच एक दोष घेऊन येतो. पेट्रोलमधले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात, आणि ओढीच्या बाजूला दाब कमी असल्यानं आणखी लवकर. पाइप एक्झॉस्टच्या जवळून गेला असेल तर त्यात वाफ कोंडते, आणि वाफ ओढणं या पंपाला झेपत नाही. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे. हसू नका, त्यानं गाडी चालते. कायमचा उपाय म्हणजे पाइप एक्झॉस्टपासून लांब नेणं आणि मध्ये पत्र्याचा आडोसा देणं.

हल्ली पेट्रोल पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या डायफ्रॅमच्या रबराला ते मानवत नाही, आणि टाकीत साठलेला डिंकासारखा थर सुटून पुढे येतो. इथेनॉल पाणीही धरतं. जीप पावसाळाभर शेडमध्ये उभी राहिली तर ते पाणी तळाशी उतरतं, आणि उचलनळीचं तोंड नेमकं तिथेच असतं. डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. म्हणून डिपस्टिक काढली की नुसती पाहू नका, वासही घ्या. ऑइल आपोआप वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नका, गाडी सुरू करू नका.

पंपाच्या या सगळ्या तक्रारींवर बाजारातला सोपा तोडगा म्हणजे इलेक्ट्रिक पंप. मला तो पटत नाही. मूळ पंपाचा दाब साधारण दीड ते अडीच पीएसआय; मिळेल तो जोरकस पंप लावला की कार्बोरेटरची नीडल पेट्रोल अडवू शकत नाही, आणि ते वरून वाहू लागतं, तेही तापलेल्या एक्झॉस्टशेजारी.

एवढं सगळं पाहून झालं की मग खुशाल कार्बोरेटर उघडा. पितळी फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो भोकाचा. गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे भोकाची जागा दाखवतात. डाग देताना कथील कमीत कमी लावा, फ्लोट जड झाला की पेट्रोलची पातळी चुकते. जेट तारेनं कोरू नका, भोक मोठं होतं.

आणि बाटलीनं कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून सेल मारायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. बॅकफायर झाला तर ज्वाळ वर येते आणि बाटली तुमच्या हातात असते. पंपाला हाताची दांडी असेल तर तिनं पेट्रोल वर आणा, नसेल तर थांबून थांबून सेल मारा. टाकी तुमच्या सीटखाली आहे, तेव्हा गाडीत लहानसा का होईना, अग्निशामक ठेवा.