तासिकेबाहेरची टिपणे

१.
पाच सप्टेंबर, शिक्षक दिन. दहावीची मुले एक दिवस शिक्षक. मुख्याध्यापकांच्या खुर्चीसाठी चढाओढ. एका मुलीने मात्र शिपाईमामांचे काम मागून घेतले. घंटा, नोटीसवही, पाण्याची टाकी, खोल्यांची कुलपे. दुसऱ्या दिवशी टाकीचा नळ कोणीतरी उघडा टाकला होता. बंद करायला तीच धावली.

२.
कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्याचे वसतिगृह. सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत, एका पंगतीत जेवत. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले.

३.
वृक्षारोपण जुलैत. रोपे मरतात मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना. शाळेजवळ घर असलेल्या मुलांच्या नावे झाडे वाटून द्यावीत आणि मे महिन्याच्या पाण्याच्या पाळ्या निकालाच्या दिवशीच फळ्यावर लिहाव्यात.

४.
परतीचा पाऊस ओसरला, ओढ्याला अजून पाणी वाहते आहे, तेव्हाच वनराई बंधारा घालायचा असतो. सिमेंटची रिकामी पोती, वाळू-माती, दाभण, सुतळी. वरच्या थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. तळ रुंद, माथा अरुंद. असे का, ते विज्ञानाच्या पुस्तकात आहे: खोलीबरोबर पाण्याचा दाब वाढतो. पोत्याला टाका घालणे शिक्षकांना जमेना. बाजार समितीतले एक हमालकाका आले आणि त्यांनी नववीच्या वर्गाला तो शिकवला. आठवड्याभरात गुरे तिथे पाण्यावर येऊ लागली.

५.
वर्गप्रतिनिधीची निवडणूक. खोक्याला फट, चिठ्ठ्या, बोटाला स्केचपेनची शाई. उमेदवारांची आश्वासने दोन: मुलींना रोज अर्धा तास मैदान, आणि मधल्या सुट्टीत पुस्तकांच्या कपाटाची किल्ली. दुसरे पूर्ण झाले. पहिल्यासाठी मुलींनी मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला आहे, खाली सगळ्यांच्या सह्या. लोकसभेला मतदान केंद्र याच खोलीत असते.

६.
अमळनेरचे प्रताप हायस्कूल, १९२४ ते १९३०. साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक हाताने लिहून काढत. मुले बाहेर गेली की त्यांच्या खोल्या झाडून ठेवत.

७.
शाळेचे हस्तलिखित आता वर्षातून एकदा निघते. प्रत एकच, आणि ती प्रकाशनानंतर कार्यालयातल्या कपाटात जाते. ती गावच्या वाचनालयात टेबलावर ठेवावी. लिहिणाऱ्या मुलांचे आजोबा तिथे रोज पेपर वाचायला येतात.

८.
एका गावात नववीच्या वर्गाने विहिरींची वही केली आहे. विहिरीचे नाव, कोणी खोदली, किती परस खोल, एप्रिलमध्ये पाणी असते का. माहिती देणाऱ्या बहुतेक आज्या, कारण पाणी त्यांनीच शेंदले होते. बहात्तरच्या दुष्काळात कोणती विहीर आटली नाही, याची तीन आज्यांनी तीन उत्तरे दिली. वहीत तिन्ही नावे ठेवली आहेत. टँकरचा प्रस्ताव करताना ग्रामसेवकांनी त्या वहीची झेरॉक्स मागून नेली.

९.
शिक्षण हक्क कायदा, २००९: शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, आणि सदस्यांत निम्म्या स्त्रिया. हे आठवीपर्यंत. नववी-दहावीसाठी शिक्षक-पालक संघ. पालकांच्या एका सभेत निकालाची टक्केवारी झाली, रंगकाम झाले, गॅदरिंगची वर्गणी झाली. आभारप्रदर्शनाच्या आधी मागच्या बाकावरून एक आई म्हणाली, “सर, मुलींच्या संडासाला आतून कडी हाय का?” दुसऱ्या दिवशी सुताराने कडी बसवली. पैसे घेतले नाहीत. त्याची मुलगी आठवीत आहे.

१०.
७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून पाळला जातो. छातीला छोटा ध्वज, डब्यात नाणी. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्यातून पिढ्यान्‌पिढ्या घरोघरची माणसे सैन्यात गेली. गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ जोडूनच ते ओळखले जाते. असे जवान कमी-अधिक संख्येने अनेक गावांत आहेत. डबा घेऊन निघालेल्या मुलांनी आधी निवृत्त सुभेदारांच्या ओट्यावर तासभर बसावे. निधी कशासाठी जमवायचा ते तिथे कळते.

११.
‘होळी लहान करा, पोळी दान करा’ ही अंधश्रद्धा निर्मूलन समितीची मोहीम. मुले घरोघर जाऊन पोळ्या गोळा करतात आणि वस्तीवर नेऊन देतात. “देवाची पोळी आगीतच जायला पायजे,” असे एक आजी ठामपणे म्हणाल्या. मग आत गेल्या आणि मुलांसाठी वेगळ्या चार लाटल्या.

१२.
पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत ज्ञान प्रबोधिनीची मुले-मुली ढोल वाजवतात, बरची नाचतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारी परिसरात भूकंपाने गावे कोसळली. प्रबोधिनीचे लोक मदतीला गेले. तिथल्या हराळी गावी ते राहिले, आणि पुढे तिथे निवासी शाळा उभी राहिली.

१३.
श्रमदानाच्या दिवशी शर्ट मळवून घरी आलेल्या मुलाला रागवू नये.

१४.
बहुतेक शाळांची स्नेहसंमेलने डिसेंबर-जानेवारीत होतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर घर सोडतात आणि मार्च-एप्रिलला परततात. काही मुले हंगामी वसतिगृहाच्या आधाराने आजी-आजोबांजवळ राहतात. बाकीची आईबापांबरोबर फडावर. नववीतल्या मुलाच्या हातात तिथे कोयता येतो, मुलीच्या कडेवर धाकटे भावंड. ही मुले नाटकात नसतात, लेझीमच्या ओळीत नसतात, वर्गाच्या फोटोतही नसतात. संमेलन दसऱ्याआधी घेता येते. पाऊस आला तर वऱ्हांड्यात करावे, मांडव छोटा घालावा, पाहुणे कमी बोलवावेत. पण सगळा वर्ग गावात असताना करावे.