सोलापुरात बोट? हो, आहे!

सोलापूर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? चादर, शेंगाचटणी आणि रणरणतं ऊन. तिथे बोटीने प्रवास करतात असं सांगितलंत, तर ऑफिसातला बाजूच्या टेबलवरचा मित्र हसेल. पण एकदा करमाळा तालुक्यातल्या कुगावला जाऊन बघा!

भीमेवरचं उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झालं. पाणी मागे पसरत गेलं आणि गावं, शेतं, रस्ते पोटात घेऊन बसलं. पळसदेवचं जुनं मंदिरही बुडालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते पुन्हा दिसायला लागतं. नदीकाठची गावं अशी तलावाकाठची झाली. कुगाव सोलापूर जिल्ह्यात, पलीकडचं कळाशी पुणे जिल्ह्यात. रस्त्याने जायचं तर भलामोठा वळसा! मग पाहुण्यांकडे जायला काय, कामाला जायला काय, बोटच बरी.

कोकणातल्या आजी-आजोबांना हे ओळखीचं वाटेल. तिकडे रस्ते धड नव्हते, तेव्हा मुंबईहून गावी जायला आगबोट हाच आधार. पण १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' ऐन पावसाळ्यात काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली.

उजनीत आगबोट कधी आली नाही, पण वाऱ्याने तिलाही सोडलं नाही. २१ मे २०२४च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. बोटीत सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला, सहा जण बुडाले. त्यात लहान मुलंही होती. ही मंडळी पिकनिकला निघाली नव्हती. आपण लोकल पकडतो, तशी त्यांनी बोट पकडली होती.

शिरसोडी-कुगाव पुलाला मंजुरी मिळाली आहे. पूल झाला की इथल्या बोटीचं महत्त्व कमी होईल, आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

तुम्ही मात्र थंडीतल्या एखाद्या वीकएण्डला भिगवणला जरूर जा. फ्लेमिंगो बघा, मासे खा. बोटीत बसताना लाइफ जॅकेट मागा, ते नसेल तर बसू नका. आणि वारा सुटलाय म्हणून नावाडी 'नाही' म्हणाला, तर जास्त पैसे देऊ करून त्याचं मन वळवू नका. काठावर चहा प्या!