डालड्याच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

शिंदखेड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी आप्पांचं किराणा दुकान होतं. गल्ल्याजवळ डालड्याचा एक रिकामा डबा ठेवलेला असे, झाकणाला फट पाडलेला. मॅचच्या सकाळी त्या फटीतून चिठ्ठी टाकायची. चिठ्ठीवर कोण जिंकणार, पहिल्या डावात किती रन होणार आणि खाली आपलं नाव. टॉस झाला की आप्पा फटीवर खाकी कागद चिकटवत. मग कुणी कितीही गयावया केली तरी तो निघत नसे. बक्षीस पावशेर जिलेबी, तीही आप्पांकडून. पैशाचं नाव काढायचं नाही, हा त्यांचा दंडक होता.

चिठ्ठी टाकताना जो तो दुसऱ्याला विचारी, "तुले काय वाटस?" आणि आपला खरा आकडा कुणीच सांगत नसे. मास्तर आदल्या मॅचचे आकडे मांडून हिशेब करत. पोस्टमन खेळपट्टीवर बोलत. समोरच्या काकूंना लिहिता येत नव्हतं, त्यांची चिठ्ठी मी लिहायचो. मॅच कुणाशीही असो, त्या म्हणत, "भारतच लिख रे भाऊ." रनांचा आकडा मात्र त्या विचार करून, डोळे मिटून सांगत.

९ ऑक्टोबर १९८७, शुक्रवार. रिलायन्स कपमधली भारताची पहिलीच मॅच, मद्रासला, समोर ऑस्ट्रेलिया. मी सातवीत होतो. शाळा सुटल्यावर दप्तरासकट दुकानापुढे जाऊन बसलो. ट्रान्झिस्टरचे सेल आप्पांनी दुपारभर उन्हात ठेवले होते. कॉमेंट्री थोडा वेळ हिंदीत, थोडा वेळ इंग्रजीत. इंग्रजी आली की मास्तरांभोवती घोळका व्हायचा.

जेफ मार्शनं ११० केले होते आणि ऑस्ट्रेलियाचा डाव २६८ वर थांबला होता. आप्पांनी कागद फाडून चिठ्ठ्या वाचल्या होत्या. एका हमालकाकांची चिठ्ठी बरोब्बर २६८ ची निघाली. त्यांना खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी होतं. मधल्या सुट्टीत मद्रासला वेगळंच घडलं. डीन जोन्सनं मारलेला एक चेंडू चौकार धरला होता, तो सीमेपलीकडे पडला होता असं ऑस्ट्रेलियानं सांगितलं. आपला कॅप्टन कपिल देव. त्यानं षटकार मान्य केला. २६८ चे २७० झाले.

डब्यात २७० चीही एक चिठ्ठी होती. काकूंची.

दुकानापुढे वाद पेटला. डाव संपला तेव्हाचा आकडा धरायचा की नंतरचा? आप्पांनी निकाल उद्याच्या पेपरवर ठेवला. संध्याकाळी शेवटच्या षटकात मणिंदरचा त्रिफळा उडाला आणि आपण २६९ वर, एका धावेनं हरलो. त्या दोन धावा दिल्या नसत्या तर... पुढचं कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात २७० छापून आलं. हमालकाका स्वतः जिलेबीचा पुडा घेऊन काकूंच्या दारात गेले. म्हणाले, "कपिलनी मानं, मी बी मानं." काकूंनी त्यांना बसवून घेतलं आणि पुड्यातली अर्धी जिलेबी बशीत काढून त्यांच्यापुढे ठेवली.

आता माझा पुतण्या मोबाइलवर मित्रांच्या ग्रुपमध्ये अंदाज लावतो. मधली काही वर्षं ही पोरं पैसे लावायच्या ॲपवर टीम बनवत होती. घरात त्यावरून धुसफूस व्हायची आणि आम्हा मोठ्यांना रात्री झोप लागायची नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. ग्रुपमधली गंमत तेवढी उरली. मला मनापासून बरं वाटलं. आप्पांचा दंडक अडतीस वर्षांनी पोरांच्या मोबाइलपर्यंत पोहोचला, असं वाटलं.

तरी एक गोष्ट मला खुपते. २८ सप्टेंबर २०२५, आशिया कपची फायनल, दुबईत भारत-पाकिस्तान. नवरात्राचे दिवस, बाहेर गरब्याचा आवाज. पाकिस्तान १ बाद ११३ होतं तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, १९० होतील." कुलदीपनं दोन बळी घेतल्यावर म्हणाला, "१६५." ते १४६ वर गारद झाले तेव्हा त्याचा आकडाही १५० वर आलेला होता. स्क्रीनवर जिंकण्याची टक्केवारी चेंडूचेंडूला हलत होती आणि तिच्या मागोमाग तोही. आपले ३ बाद २० झाले तेव्हा त्यानं भारताला सोडलंसुद्धा. तिलक वर्मानं नाबाद ६९ करून मॅच काढली तेव्हा मात्र सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडला.

चिठ्ठी आत पडली की आपण तिला बांधलेले असायचो. दिवसभर तो आकडा पोटात धरून बसायचं, तो दूर जाताना बघायचं आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर आपल्या नावासकट तो वाचला जाताना ऐकायचा. त्यात एक थरार होता.

मॅच संपल्यावर मी त्याला विचारलं, "टॉसच्या आधी कितीचा अंदाज होता तुझा?"

त्यानं थोडा वेळ आठवून पाहिलं. त्याला सांगता येईना.

माझा मद्रासचा आकडा २४० होता. काकूंचा २७०.