मे महिन्यातला हंडा

पहिल्या सत्राचा निकाल लागला त्या संध्याकाळी मी एकटीच गोगाबाबाच्या टेकडीवर गेले. दोन विषय राहिले होते, संभाव्यता सिद्धांत आणि ऑपरेशन्स रिसर्च. घरी फोन करायचा होता आणि हात धजत नव्हता. खाली बीबी का मकबऱ्याचा घुमट, पलीकडे बेगमपुऱ्याची दाट घरं, अलीकडे विद्यापीठाची झाडी. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. ऊन उतरलं की इथल्या उघड्या डोंगरांचा रंग आधी तांबूस होतो, मग राखाडी, आणि अंधार पडायच्या आधी काही मिनिटं सगळं शहर गप्प झाल्यासारखं वाटतं. मग कुठूनतरी अजान येते, कुठल्यातरी विहारातून वंदनेचे सूर येतात, दिवे लागतात. त्या शहरात मला नावानं ओळखणारं फारसं कुणी नव्हतं, आणि त्या दिवशी त्याचाच आधार वाटला.

चार दिवसांनी १४ जानेवारी आली. नामविस्तार दिनाला विद्यापीठाच्या गेटपुढे गर्दी लोटते, पुस्तकांचे स्टॉल लागतात. या विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ ची. त्याआधी मराठवाड्यातली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानियाला जोडलेली होती. नामांतराचा लढा झाला, १९९४ मध्ये विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव लागलं. एक म्हातारी माझ्यासमोर त्या गेटच्या दगडावर डोकं टेकवून उठली आणि नातवाला म्हणाली, "हितं शिकायचं तुला." मी त्या गेटातून रोज आत जात होते आणि चार दिवसांपासून एम.एस्सी. सोडायचा विचार करत होते.

मी जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातली. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग तालुक्याच्या ठिकाणी बी.एस्सी. तिथं संख्याशास्त्र म्हणजे मध्य, प्रमाण विचलन, टी-टेबल, आणि पेपरात भरघोस मार्क. एम.एस्सी.च्या पहिल्याच आठवड्यात फळ्यावर सिग्मा फील्ड आलं, मेजर आलं, बोरेल संच आले. फळा भरायचा, मी उतरवून घ्यायचे; फळा पुसला जायचा, मी पुढचं उतरवून घ्यायचे. लोकांना वाटतं, आम्हा खेड्यातल्या मुलींचं इंग्रजीपाशी अडतं. माझं तसं नव्हतं. शब्द कळत होते, वाक्यं कळत होती; गोष्ट कशाची चालली आहे तेच कळत नव्हतं. घर माणसांनी भरलेलं असावं, सगळे बोलत असावेत, आणि घरात बारसं आहे की तेरावं हेच आलेल्याला उमगू नये, तसं व्हायचं. विचारायची बंदी नव्हती. मीच विचारत नव्हते. आपण सोडून बाकी सगळ्यांना कळतंय, असं वाटायचं. वर्गातल्या तिघीचौघींना तेव्हा हेच वाटत होतं, हे फार पुढं समजलं.

ऑपरेशन्स रिसर्चचा त्रास वेगळा. तिथं समजायचं, पण हातून सुटायचं नाही. ठरावीक मर्यादांत सगळ्यात चांगलं उत्तर काढायची रीत म्हणजे सिम्प्लेक्स. तिचं टेबल मांडायचं, कोणता चल आत येणार आणि कोणता बाहेर जाणार ते ठरवायचं, बाहेर जाणाऱ्याची ओळ भागायची, बाकीच्या ओळींतून वजाबाकी करायची, की झालं दुसरं टेबल. त्या दुसऱ्या टेबलात सात-तृतीयांशाच्या मागचं वजा चिन्ह सुटलं की पुढची तीन टेबलं पाण्यात. पाऊण तास गेलेला असतो आणि उत्तरात गणितातल्या कारखान्यानं करायच्या खुर्च्यांची संख्या ऋण येते. जॉर्ज डान्त्झिग यांनी ही रीत १९४७ साली शोधली. ती पारखण्यासाठी घेतलेलं पहिलं मोठं गणित जेवणाचं होतं: ७७ खाद्यपदार्थ, ९ पोषक घटक, कमीत कमी खर्चात माणसाचं पोषण कसं व्हावं. हातानं चालवायच्या यंत्रांवर ते सोडवायला सुमारे १२० मनुष्यदिवस लागले. हे मला उशिरा कळलं. पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर माझ्या पाऊण तासाची मला एवढी लाज वाटली नसती. आकडेमोडीचं ओझं त्या रीतीच्या अंगचंच आहे, त्यात शिकणारीचा दोष नाही.

मग एक वही मला बेगमपुऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात मिळाली. सिनिअरच्या नोट्स आहेत का विचारल्यावर दुकानदारानं स्पायरल केलेला एक गठ्ठा काढून दिला. नाव कुठंच नव्हतं. झेरॉक्सची झेरॉक्स, त्यामुळे पानांच्या कडा काळ्या पडलेल्या. अक्षर बारीक, उजवीकडं झुकलेलं. गणितं इंग्रजीत, पण डाव्या समासात पेन्सिलीनं लिहिलेलं मराठी, फिकट उतरलेलं. "इथं अडलो. उद्या परत." दोन पानांनंतर: "अजून अडलोय." मग चार पानं काही नाही, आणि पाचव्या पानावर: "सुटलं. आधीची पायरी परत वाच." गुप्ता-कपूर उघडा, रोहतगी उघडा, कांती स्वरूप उघडा, त्या पुस्तकांत कुणी कुठं अडत नाही. या वहीतला मुलगा अडत होता, अडल्याची नोंद करत होता आणि दुसऱ्या दिवशी परत येत होता. त्या रात्री मी घरी फोन केला आणि दोन विषय राहिलेत म्हणून सांगून टाकलं.

ड्युअ‍ॅलिटीच्या प्रकरणात, समासात, त्यानं एकच ओळ लिहिली होती: "शॅडो प्राइस म्हणजे मे महिन्यातला एक हंडा."

मी राहायचे त्या काकूंकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, कधी रात्री दोनला. "ऊठ गं, पाणी आलंय." आधी पिण्याचे हंडे, मग स्वयंपाकाचं पिंप, मग आंघोळीचं, शेवटी बादल्या, टोप, असेल ते. नळ जायच्या आत सगळं भरून झालं की उरलेलं पाणी तुळशीला. त्या क्षणी आणखी एका हंड्याची किंमत काहीच नाही. पाचव्या दिवशी पिंपाचा तळ दिसायला लागला की त्याच एका हंड्यासाठी शेजारी शब्द टाकावा की नको, याचा विचार अख्खी दुपार चालायचा. पुस्तक तरी वेगळं काय सांगतं? जी मर्यादा पुरती वापरलीच गेली नाही, तिची किंमत शून्य. जी पुरती वापरली गेली, तिच्यात एक माप जास्तीचं मिळालं तर किती फायदा होईल, ती तिची शॅडो प्राइस. कॉम्प्लिमेंटरी स्लॅकनेस या नावानं मी ते प्रमेय चारदा पाठ केलं होतं. काकूंच्या मोरीत उभं राहून ते एकदा कळलं आणि कळलेलंच राहिलं.

रविवारी मी वही घेऊन पाणचक्कीला जायचे, वडाखाली बसायचे. मलिक अंबरानं १६१० साली खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि पुढं काही वर्षांत तिच्यासाठी नहर बांधली. पाणी पंपाशिवाय, निव्वळ उतारावर, शहरभर फिरवलं. पाणचक्कीचं पाणीही असंच लांबच्या झऱ्यावरून मातीच्या नळांतून येतं, आणि त्यावर एके काळी तिथल्या दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळलं जाई. जाळ्यातून जास्तीत जास्त किती वाहू शकेल, हे त्यातला सगळ्यात अरुंद छेद ठरवतो, हे फोर्ड आणि फुल्करसन यांचं १९५६ सालचं प्रमेय मी तिथं वाचलं. समोर भिंतीवरून पाण्याचा पडदा कोसळत होता. माझी अरुंद जागा गणितात नव्हतीच, विचारण्यात होती. सोमवारी मी वर्गात पहिल्यांदा हात वर केला. सरांनी अर्धा तास तेवढंच समजावून सांगितलं, आणि मागून आणखी दोन हात वर आले.

तिसऱ्या सत्रात नमुना पाहणी शिकताना मला आमचं गाव आठवलं. लहानपणी बाजरीत पीक कापणी प्रयोग व्हायचा. कृषी सहायक आणि तलाठी टेप, दोरी, खुंट्या घेऊन यायचे. गावकरी म्हणायचे, "इकडं वाळलंय, इकडं घ्या." ते ऐकायचे नाहीत, कागदावरचा आकडा वाचायचे, बांधापासून तेवढी पावलं चालायचे आणि तिथंच खुंटी ठोकायचे. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद. मला ती माणसं हेकट वाटायची. तो आकडा यादृच्छिक संख्यांच्या कोष्टकातला होता आणि त्या हेकटपणावरच सगळ्याचा भरवसा उभा होता, हे वर्गात समजलं. त्या चौकटीमागं पां. वा. सुखात्मे आहेत, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. नमुन्याचा तुकडा फार लहान घेतला तर कडेवरची ताटं आत धरली जातात आणि उत्पन्न फुगून दिसतं, हे त्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं. तुकड्याच्या आकारावरून त्यांचा प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी मोठा वाद झाला होता. कडेच्या ताटांवरून दोन थोर संख्याशास्त्रज्ञ भांडतात, याचं मला आजही अप्रूप वाटतं. कारण तेव्हा त्याच मोजणीवरून गावच्या पिकाचा सरकारी अंदाज, म्हणजे पैसेवारी, निघायची; ती पन्नास पैशांच्या आत आली की महसुलात सूट मिळायची आणि त्या गावच्या पोरांची परीक्षा फी माफ व्हायची. मी ज्या वर्षी हे शिकत होते, ते २०१२ साल होतं. पाऊस आलाच नाही म्हणावा असा.

पुढचा उन्हाळा जालना जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. मोसंबीच्या बागाच्या बागा उभ्या वाळल्या. आमची तीनशे झाडं. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांनी दोनशे झाडांचं पाणी तोडलं आणि शंभर विकतच्या टँकरवर जगवायला घेतली. एका रात्री फोनवर म्हणाले, "तू शिकतेस त्यात असलं काही असतं का गं? कमी पाण्यात कोणती झाडं धरायची?" हेच असतं, मी म्हटलं. त्यांना झाडांची वयं विचारली, मागच्या बहाराचा माल विचारला, विहिरीपासूनचं अंतर विचारलं. वही काढून मांडलं. सिम्प्लेक्सची तीन टेबलं झाली, एकही चिन्ह सुटलं नाही. उत्तर आलं: विहिरीलगतच्या सात ओळी, तरणी झाडं. मी फोन करून सांगितलं. दादा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याच धरल्यात मी. म्हणजे तुझं गणित बरोबर आलं."

ऑपरेशन्स रिसर्चचा राहिलेला पेपर तोवर सुटला होता, शंभरपैकी बावन्न. पण मी तो विषय पास झाले, असं मला वाटतं ते त्या फोनच्या रात्री.

वहीतला तो मुलगा मला कधी भेटला नाही. त्याचं नाव, गाव, तो पुढं काय झाला, काही माहीत नाही. एम.एस्सी. संपताना माझी वही मी त्याच दुकानात ठेवून आले, समासातल्या सगळ्या अडलेल्या जागांसकट. तुम्हीही एखादा अवघड विषय अडखळत शिकला असाल आणि ती वही अजून माळ्यावर असेल, तर रद्दीत घालू नका. जिथं शिकलात तिथल्या झेरॉक्सच्या दुकानात नेऊन ठेवा, आणि ठेवताना समास खोडू नका.