चौथ्या दिवसाचा नळ

"टाकी कधी धुतली होती?"

या एका प्रश्नावर मी आठ वर्षं मनातल्या मनात भांडते आहे. विचारणारे साहेब बदलून गेले, त्यांच्या जागी आलेलेही गेले. तरी कोणी सहज हे शब्द उच्चारले की माझं डोकं फिरतं.

मी मूळची हिवरखेडची, तेल्हारा तालुक्यातली. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. विहिरी खोल, पण पाणी गोड. सासर पूर्णेकडे, खारपाणपट्ट्यात. हा पट्टा काय असतो ते वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गंजाला आतून पांढरी खपली धरते. माझं लग्न ठरताना आईनं मुलाचा पगार एकदा विचारला आणि पाण्याची चौकशी तीनदा केली. "नळाचं आहे, धरणाचं आहे," असं कळल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. वारीच्या हनुमान सागरातून, म्हणजे वान धरणातून, 84 खेडी योजनेचं पाणी अकोट-तेल्हाऱ्याच्या खाऱ्या गावांमध्ये गेलं तेव्हा तिथल्या बायांना काय वाटलं असेल, ते मी ओळखू शकते. सासरचं गाव नगरपालिकेचं आहे. नाव लिहीत नाही, कारण मला तिथेच राहायचं आहे.

2017 च्या जुलैत माझ्या मुलाला कावीळ झाली. दहावीचं वर्ष. पंधरा दिवसांत आमच्या एका गल्लीत पाच जण पिवळे पडले. मी पाच नावांची यादी केली, कोणाला कधी ताप आला ते समोर लिहिलं आणि पाणीपुरवठ्याच्या खोलीत गेले. साहेबांनी यादी हातात घेतलीच नाही. टाकीचा प्रश्न विचारला. मी खरं सांगितलं, "दिवाळीत." दिवाळीपासून आठ-नऊ महिने झाले होते. खोलीत आणखी तिघं होते, ते हसले नाहीत, नुसते एकमेकांकडे पाहत राहिले. हसले असते तर बरं झालं असतं.

"मॅडम, आमचं पाणी चांगलंच असते. तुमचा विश्वास नसंन तर फिल्टरवर जाऊन पाहा."

त्यांना वाटलं असेल, ही कशाला जाते. मी दुसऱ्याच दिवशी शेजारच्या मावशींना घेऊन ऑटोनं जलशुद्धीकरण केंद्रावर गेले. आणि खरं सांगते, तिथे गेल्यावर माझाच राग निम्मा झाला. धरणाचं चहासारखं पाणी पायऱ्यांवरून खळखळत खाली येत होतं. तिथल्या ऑपरेटरनं सांगितलं की पाण्याला हवा लागावी म्हणून या पायऱ्या. पुढे त्यात तुरटीचं द्रावण पडतं. किती पाडायचं ते अंदाजानं नाही ठरत, सहा भांड्यांत तेच पाणी घेऊन प्रत्येकात वेगळी मात्रा टाकून पाहतात, कुठल्या भांड्यात गाळाचे गोळे लवकर बसतात ते बघतात. मोठ्या गोल हौदात पंखे अगदी सावकाश फिरत होते. जोरात फिरवले तर जमलेला गोळा फुटतो म्हणे. मग वाळूचे थर, मग क्लोरीन वायू. वाळू तुंबली की खालून उलट पाणी सोडून ती धुतात. त्यानं एका नळीत पाणी घेऊन, थेंब टाकून पिवळा रंग दाखवला. मावशी मला म्हणाल्या, "माय, हे तं आपल्या घरच्या गाळण्यापेक्षा साजरं हाये." त्या ऑपरेटरचा पगार किती महिन्यांचा थकला होता तेही त्यानं सांगितलं, पण तो वेगळा विषय.

म्हणजे पाणी तिथून चांगलं निघत होतं. मग आमच्या गल्लीत येईस्तोवर त्याला काय होत होतं?

मी लेखी अर्ज दिला की आमच्या गल्लीतल्या नळाचा नमुना घ्या. आता इथून पुढचं मी सगळ्यांना इतक्यांदा सांगितलं आहे की घरचे उठून जातात. तरी लिहिते.

आमच्याकडे नळ चौथ्या दिवशी येतो. त्या आठवड्यात सोमवारी पहाटे आला, पुढचा शुक्रवारी. नमुना घेणारा मुलगा आला मंगळवारी. आमच्या घरी न येता तो थेट जलकुंभाखालच्या सार्वजनिक नळावर गेला. मी मागे धावले. त्यानं काम किती नीट केलं म्हणून सांगू! नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं जाळलं, दोन मिनिटं पाणी वाहू दिलं, निर्जंतुक बाटलीच्या तोंडाला बोट लागू दिलं नाही, बूच लावून बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली. बाटलीत आधीच एक औषध असतं, पाण्यातला क्लोरीन तिथल्या तिथे थांबवायला, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो वाटेतच जंतू मारून टाकील आणि खरं चित्र दिसणार नाही, हेही त्यानंच मला समजावलं. सगळं बरोबर होतं. फक्त नळ चुकीचा होता.

"अरे भाऊ, माझ्या घरचा घे ना."

"काकू, तुमच्या नळाले आज पाणी कुठाय?"

"मंग शुक्रवारी ये."

"शुक्रवारी लॅबवाले घेत नाही. तपासाले दोन दिवस लागते, मधात सुटी येते."

मी बोटांवर मोजलं. सोमवार, शुक्रवार, त्याच्यापुढे मंगळवार! "येत्या मंगळवारी आमचा नळ आहे. तेव्हा ये."

"येत्या मंगळवारी दुसरा वॉर्ड हाये, काकू."

त्या मुलाला मी तेव्हा दोष दिला नाही, आजही देत नाही. त्याच्या वेळापत्रकात वॉर्ड होते, नळाचे दिवस नव्हते. पण बारा दिवसांनी अहवाल हातात आला आणि मी ओट्यावरच बसले. प्रभाग आमचा. ठिकाण, सार्वजनिक नळ. शेरा, पिण्यास योग्य. जलकुंभ आमच्याच प्रभागात उभा आहे, तेव्हा कागदावर एकही शब्द खोटा नव्हता. खोटा असता तर भांडता आलं असतं. वर डॉक्टरांनी सांगितलं ते आणखी वेगळं. ही कावीळ अंगात शिरल्यावर दिसायला तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणजे मुलगा पिवळा पडला तेव्हा ज्या पाण्यानं पाडला ते कधीच वाहून गेलं होतं. आमच्याच नळाचा नमुना घेतला असता तरी तो कदाचित योग्यच आला असता! ही गोष्ट मला त्या वेळी कोणी सांगायला नको होती. रागालाही काहीतरी आधार लागतो.

माहेरचा एक चुलतभाऊ तेव्हा ग्रामपंचायतीत जलसुरक्षक होता. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर कालवून टाकीत टाकायची आणि रोज ओटी टेस्ट करून, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला का ते पाहून, वहीत लिहायचं, हे त्याचं काम. त्यानं एसटीच्या कंडक्टरच्या हाती मला जुना क्लोरोस्कोप पाठवला. छोटी नळी, एक बाटली, शेजारी पिवळ्या छटांची पट्टी. पाण्यात थेंब टाकले आणि पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पांढरं राहिलं तर नाही. ग्राहकाच्या नळाशी निदान 0.2 पीपीएम उरलेला हवा, असं भारतीय मानक सांगतं. भावानं फोनवर दटावलं, "पांढरं आलं म्हणजे पाणी घाणच हाये असं नाही, ताई. त्याले वाटेत कोणीतरी खाल्लं, इतकंच." घाणीशी झुंजताना क्लोरीन संपतो, हे त्याच्या भाषेत.

पुढच्या नळाला मी पहाटे साडेचारपासून हातात बॅटरी घेऊन अकरा घरं फिरले. लोकांना वाटलं, हिचं डोकं फिरलं. गल्लीच्या तोंडाशी पिवळं. दुसरं, तिसरं घर पिवळं. चौथ्यापासून पांढरं, एकदम पांढरं. अर्ध्या तासानं तिथेही फिकट पिवळं यायला लागलं. तीनदा नळ आला, तीनदा तसंच. तिसऱ्या आणि चौथ्या घराच्या मध्ये पाइप नालीतून जातो.

मी व्हॉल्व्हमनला गाठलं. म्हातारा माणूस, गावातला प्रत्येक जोड त्याला पाठ. त्यानं माझी वही पाहिली आणि मान हलवली.

"वहिनी, एक सांगू? राग नका येऊ देऊ. तीन दिवस पाइप रिकामा राह्यते. नालीतला जोड फुटका, त्याच्यावर कोणंतरी सायकलची ट्यूब बांधेल हाये. नळ आला की तुमी सारे टिल्लू पंप लावता. पंप पाणी ओढते, तसा नालीतलंही ओढते. ज्याचा पंप पह्यले, त्याच्या घरी नाली पह्यले."

आमच्या घरचा पंप गल्लीत सगळ्यात आधी सुरू होई. साडेचारचा गजर मीच लावत असे. त्याचा मला अभिमान होता.

व्हॉल्व्हमननं दोन पोरं लावून, कोणाची सही न घेता, ती ट्यूब काढून क्लॅम्प बसवला. पावसाळाभर चौथ्या घरापुढेही पिवळं आलं. मी वहीत लिहून ठेवलं.

लोक मला विचारतात, मग करायचं काय? माझं एकच सांगणं असतं की अहवाल मागा, आणि त्यावर नळाचं ठिकाण, तारीख, वेळ पाहा. त्या वेळी त्या नळाला पाणी होतं का, एवढंच विचारा. खेड्यात तर पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी होऊन ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं, लाल, पिवळं, हिरवं. शहरातल्या वॉर्डाला असं कार्ड मी पाहिलेलं नाही. अर्थात कार्डानं सगळं होतं असंही नाही. 2022 च्या जुलैत चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारीला कॉलरा पसरला, माणसं गेली. बिल थकलं म्हणून नळयोजनेची वीज तोडलेली, लोक उघड्या विहिरीचं पाणी प्यायले. तिथे क्लोरोस्कोप घेऊन काय मोजणार होते?

आणि पाण्याला दोष देण्याचीही सवय लागते. 2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, कठोऱ्याकडे लोकांचे केस मुळापासून गळायला लागले, तेव्हा फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी छातीठोक सांगितलं, "पाणीच असंन." नमुन्यांत नायट्रेट जास्त निघाल्याचं वाचून मला तर आनंदच झाला, असं म्हणायला लाज वाटते. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. त्यानंतर केसांबद्दल कोणी मला विचारायला फोन केला नाही.

आता हिवरखेडही ग्रामपंचायतीचं नगरपरिषद झालं. परवा भाच्याचा फोन आला, "आत्या, पाण्याले वास येऊन रायला. तक्रार कोठे करू?" आणि माझ्या तोंडून निघालं, "टाकी कधी धुतली होती?" पलीकडे तो गप्प. मीही गप्प. मग मी त्याला अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं, वीस मिनिटं.

आमच्या गल्लीत दोन वर्षांपूर्वी सिमेंटचा रस्ता झाला. जुना पाइप तसाच खाली ठेवून वर काँक्रीट ओतलं. नालीही झाकली गेली, आता वरून फरशी आहे आणि तिच्यावर मोटारसायकली उभ्या असतात. रस्ता होत होता तेव्हा मी मुकादमाला जागा दाखवायला गेले होते. तो म्हणाला, "ते पाणीवाल्यांचं काम हाये, बाई." व्हॉल्व्हमन निवृत्त होऊन मुलाकडे गेला. क्लोरोस्कोपची बाटली वाळून गेली. मध्यंतरी क्लॅम्पच्या जागी पुन्हा पांढरं यायला लागलं की काय, हे पाहायला माझ्याकडे थेंब नाहीत. नळ मात्र अजून चौथ्या दिवशीच येतो, पहाटे साडेचारला, आणि गजर मीच लावते.