पाच ग्लासांचा हिशेब

शुक्रवारी ऑफिस सुटलं आणि आम्ही दोघं थेट नाशिकला. गंगापूर धरणाजवळ, द्राक्षमळ्यातलं ऐटबाज रेस्तराँ. 'वाईन पेअरिंग'चे पैसे जवळजवळ जेवणाइतकेच! पाच ग्लास, प्रत्येकी ७५ मिली, म्हणजे जेमतेम अर्धी बाटली. बायको कुजबुजली, "अरे, घराचा हप्ता जायचाय अजून."

शेवटी एकच पेअरिंग, दोघांत.

झणझणीत मटणाबरोबर मी डोळे झाकून शिराझ मागवली असती. वेटरनं आणली थंडगार, किंचित गोड शेनिन ब्लाँ. जाळ निवला, मसाल्याची चव राहिली. रेड वाईनचा तुरटपणा तिखटाला आणखी भडकवतो, हे तेव्हा कळलं.

पहिल्यांदाच जाताय? एक पेअरिंग घ्याच, शिकवणीची फी समजून. पुढच्या वेळी सरळ बाटली मागवा. कुठली, ते तुम्हाला कळलेलं असेल!